बोरिस कार्लॉफ नक्की कुठला, कुणाचा? चरित्रातले तपशील तपासायला मदत हवी

पडद्यामागे (धागाकर्ता)

मंडळी,

आमच्या फिल्म सोसायटीत पुढच्या महिन्यात १९३१ सालचा 'फ्रँकेन्स्टाइन' दाखवायचा आहे. त्या दिवशी वाटायच्या पत्रकात बोरिस कार्लॉफची ओळख द्यायचं काम माझ्याकडे आलंय. जुना मजकूर तयार आहे, तोच छापून मोकळं व्हावं असं समितीचं मत. तो असा:

"रशियन वंशाचा हा ब्रिटिश नट डलिच येथे जन्मला. सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाकडे शिक्षिका असलेली वेल्समधील अ‍ॅना लिओनोवेन्स ही त्याची पणजी. हॉलिवूडमध्ये नाव कमावल्यावर तो अमेरिकन नागरिक झाला."

तीनच वाक्यं, पण हात लावाल तिथून पोपडे निघतात.

'रशियन वंश' हा त्याच्या पडद्यावरच्या नावाचा प्रताप. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म २३ नोव्हेंबर १८८७. नऊ भावंडांत धाकटा. घरातली माणसं सरकारी नोकरीतली. थोरला भाऊ जॉन चीनमध्ये ब्रिटिश वकिलातीत होता, पुढे 'सर' झाला. यानेही त्याच वाटेनं जावं अशी घरच्यांची अपेक्षा. हा पठ्ठ्या १९०९ मध्ये कॅनडाला निघून गेला आणि तिथे फिरत्या नाटक कंपन्यांत शिरला. 'कार्लॉफ' हे आईच्या माहेराकडचं जुनं स्लाव्ह आडनाव, 'बोरिस' मात्र असंच सुचलं, असं तो मुलाखतींत सांगायचा. त्याची मुलगी सारा हिनेच पुढे सांगितलं की घराण्यात असं कुणी कार्लॉफ तिला माहीत नाही. आईचं माहेरचं आडनाव होतं मिलार्ड. आता यात स्लाव्ह कुठून काढायचं?

नागरिकत्वाचं वाक्य सरळ चूक. उभी हयात अमेरिकेत काम केलं तरी तो शेवटपर्यंत ब्रिटिश नागरिकच राहिला. नावही कायद्यानं कधी बदललं नाही. सरकारी कागदावर सही करायची वेळ आली की विल्यम एच. प्रॅट, ऊर्फ बोरिस कार्लॉफ. वारला तोही इंग्लंडातच, ससेक्समधल्या मिडहर्स्टच्या इस्पितळात, २ फेब्रुवारी १९६९ रोजी.

अ‍ॅना लिओनोवेन्स त्याची पणजी नव्हे. त्याच्या आईच्या आईची, म्हणजे एलायझाची, ती सख्खी बहीण. आणि ती वेल्सची तर मुळीच नव्हती. तिचा जन्म आपल्या अहमदनगरचा, १८३१ च्या नोव्हेंबरातला.

आता माझी खरी अडचण. कार्लॉफच्या दोन्ही बाजूंना भारतीय रक्त होतं असं बहुतेक चरित्रकार लिहितात. वडील एडवर्ड जॉन प्रॅट अँग्लो-इंडियन, हिंदुस्थानात मीठ खात्यात नोकरीला होते. आईकडेही मिश्र वंश असावा असा अंदाज आहे. हे पत्रकात कसं लिहावं? ठासून लिहावं, की 'असं मानतात' म्हणून बगल द्यावी? जुने इंग्रजी दाखले, चर्चच्या नोंदी वगैरे चाळलेल्यांनी सांगावं.

---

भिंगारवाला

अरे वा! म्हणजे फ्रँकेन्स्टाइनचं भूत आमच्या नगरचं! पत्रकात पहिली ओळ हीच टाका राव. 'नगरचा नातू हॉलिवूडमध्ये'.

(आता अहिल्यानगर म्हणायचं, पण १८३१ च्या माणसांना अहमदनगरच राहू द्या.)

---

मधुरा_म

भिंगारवाला, कृपया हलके घ्या, पण भूत नव्हे. फ्रँकेन्स्टाइन हा तो प्राणी बनवणारा शास्त्रज्ञ. कार्लॉफनं केलेल्या प्राण्याला नावच नाही. पत्रकात हेही नीट लिहा, निम्म्या लोकांचा घोळ तिथूनच सुरू होतो.

धागा छान. वाचतेय.

---

टेम्सकाठी

मी लंडनमध्ये असते आणि लोकांच्या आजे-पणज्यांचे दाखले शोधून द्यायचा छंद आहे, म्हणून जन्मस्थळापुरतं सांगते.

डलिच, ईस्ट डलिच, कॅम्बरवेल, पेकहॅम राय ही चारही नावं वाचायला मिळतील आणि प्रत्येक जण दुसऱ्याला खोटं पाडतो. घर एकच आहे: ३६, फॉरेस्ट हिल रोड. नामवंतांच्या घरांवर लावतात ती इंग्लिश हेरिटेजची निळी पाटी आहे तिथे. नोंदणीचा जिल्हा कॅम्बरवेल, म्हणून दाखल्यावर कॅम्बरवेल. टपालाच्या, बोलण्यातल्या हद्दी वेगळ्या, म्हणून डलिच नाहीतर पेकहॅम. आज तो भाग सदर्क बरोमध्ये येतो. आणखी गंमत म्हणजे लंडन काउंटी स्थापन झाली १८८९ मध्ये. १८८७ साली कॅम्बरवेल सरे काउंटीत होतं. त्यामुळे कुणी 'सरे' लिहिलं तरी त्याला फाशी देऊ नका. तुम्ही 'दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल' लिहा, कुणाला खोट काढता येणार नाही.

तारखेबद्दल एक खबरदारी. इंग्लंड-वेल्सची सरकारी जन्मनोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली आणि तिची सूची तिमाहीनुसार लावलेली असते. ती तिमाही जन्माची नसते, नोंदणीची असते. मूल जन्मल्यावर ४२ दिवसांत नोंदवायचं असा नियम. त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटी जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत सापडू शकतं, आणि मग कुणीतरी जन्मसालच बदलून टाकतं. हे मी कितीतरी वंशावळींत बघितलंय. सूची म्हणजे दाखला नव्हे. दाखल्यावर जन्माची तारीख, जागा, बापाचा धंदा, आईचं माहेरचं आडनाव आणि माहिती कुणी दिली त्याची सही, असं सगळं असतं.

आता ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनावही देतात, ही मोठी सोय झाली. विल्यम प्रॅट पायलीला पन्नास मिळतील. सोबत 'मिलार्ड' टाकलं की गर्दी हटते.

---

उगाच

एक प्रामाणिक प्रश्न. पत्रक वाचतं कोण? लोक येतात, समोसा खातात, सिनेमा बघतात. एवढा काथ्याकूट कशाला? तो माणूस स्वतःच रशियन म्हणवून घेत होता ना, मग आपण कोण ठरवणारे?

---

पडद्यामागे

@टेम्सकाठी, फार उपयोगी. 'दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल' उचललं.

@उगाच, समोसा मीही खातो. पण सोसायटीचं जुनं पत्रक कुणीतरी वर्तमानपत्रात उतरवतं, त्यावरून दुसरं कुणी लेख पाडतं, आणि पाचेक वर्षांनी तोच लेख माझ्यासमोर 'संदर्भ' म्हणून येतो. हे झालेलं आहे. आणि नटानं आपल्या खानदानाबद्दल सांगितलेली गोष्ट ही त्या नटाची माहिती असते, खानदानाची नव्हे. 'कार्लॉफ' हे आईकडचं स्लाव्ह आडनाव असल्याचं तो सांगे हे मी लिहीनच. रशियन होता हे लिहिणार नाही.

@भिंगारवाला, नातू नगरचा नाही हो. नगरला जन्मली ती त्याच्या आजीची बहीण. तो स्वतः नगरला पाय लावून गेल्याचं कुठे आलेलं नाही.

---

दप्तरी

उशिरा येतोय, पण हा माझा विषय आहे, थोडं सविस्तर लिहितो.

कंपनी सरकारच्या काळात छावणीतल्या पाद्र्यानं बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची जी नोंद केली, तिची नक्कल लंडनला जात असे. त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या मालिका वेगवेगळ्या, मुंबईची एन/३. अ‍ॅनाचं बिंग फुटलं ते अशा कागदांतून. तिनं आयुष्यभर सांगितलं की आपण वेल्समधल्या कार्नार्वनच्या, जन्म १८३४ चा. १९७० च्या दशकात ब्रिस्टो नावाच्या इंग्रज संशोधकानं तिची माहिती काढायला घेतली तेव्हा कार्नार्वनला तिची नोंदच मिळाली नाही. माग हिंदुस्थानात निघाला. बाप थॉमस एडवर्ड्स हा मुंबई फौजेच्या सॅपर्स अँड मायनर्समध्ये (लष्करी बांधकाम, सुरुंग बघणाऱ्या पलटणीत) सार्जंट, पोरगी जन्मायच्या आधीच वारलेला. आई मेरी अ‍ॅन ग्लासकॉट. आईनं दुसरं लग्न केलं एका आयरिश शिपायाशी. अ‍ॅनाचं स्वतःचं लग्न पुण्यात, १८४९ च्या नाताळच्या दिवशी, थॉमस लिऑन ओवेन्सशी. त्याचं मधलं नाव आणि आडनाव जोडून तिनं पुढे 'लिओनोवेन्स' केलं. नवरा लष्करी मेजर होता, वाघाच्या शिकारीत ऊन लागून गेला, ही तिची गोष्ट. प्रत्यक्षात तो कारकून. शेवटी पेनांगला हॉटेल चालवत होता, तिथेच १८५९ मध्ये वारला.

हे सगळं करायचं कारण उघड आहे. छावणीतल्या सार्जंटची, त्यातून मिश्र वंशाचा वहीम असलेली पोर सयामच्या राजवाड्यात गोऱ्या कुळातली बाई म्हणून उभी राहू शकत नव्हती. १८६२ मध्ये ती बँकॉकला पोचली ती आपला नवा जन्म सोबत घेऊनच.

बहीण एलायझाचं लग्न १८४५ मध्ये गुजरातेत डीसाच्या छावणीत झालं, जेम्स मिलार्ड नावाच्या तोफखान्यातल्या सार्जंट-मेजरशी. त्यांची मुलगी एलायझा सारा मिलार्ड, ती कार्लॉफची आई. अ‍ॅनानं बहिणीच्या घराशी संबंध कायमचा तोडला. पुढे प्रॅटांपैकी एका नातलगानं तिला पत्र घातलं तर पुन्हा लिहिलंस तर जीव देईन असं उत्तर आलं, असं सांगतात. ओळख पटणं हे तिच्या लेखी काय होतं ते यावरून समजा.

आता तुमचा मूळ प्रश्न. मिश्र वंशाचा पुरावा या नोंदवह्यांत फार वेळा गैरहजेरीच्या रूपात असतो. पोराच्या बाप्तिस्म्यात बापाचं नाव, पलटण, हुद्दा सगळं येतं, आणि आईच्या जागी काहीच नसतं किंवा नुसतं ख्रिस्ती नाव असतं. आई गोरी असती तर तिचं नाव गाळायचं कारण नव्हतं, असा अंदाज मग संशोधक बांधतो. बहुधा बरोबर असतो. पण तो अंदाज. अ‍ॅनाच्या आजीबद्दल, म्हणजे ग्लासकॉट नावाच्या अधिकाऱ्याच्या बायकोबद्दल, तेच आहे. ती देशी किंवा मिश्र वंशाची असावी असं अभ्यासक धरून चालतात, तिच्या बाजूनं बोलणारा कागद नाही.

तेव्हा माझं मत: 'कार्लॉफचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या हिंदुस्थानातल्या नोकरीतलं होतं' हे ठासून लिहा. 'चरित्रकारांच्या मते दोन्ही बाजूंनी भारतीय वंशाचा अंश होता' हे मत म्हणून लिहा. 'अर्धा भारतीय', 'पाव भारतीय' असले अपूर्णांक अजिबात नकोत. अपूर्णांक आला की समजावं, कुणीतरी मनानं भरलंय.

---

मधुरा_म

दप्तरी, _/\_ . यावर वेगळा लेख लिहाच.

---

कट्टेकरी

हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन हिची आठवण झाली. तिचं याच्या बरोब्बर उलट. जन्म मुंबईचा, १९११ चा, आणि हॉलिवूडला सांगितलं टास्मानिया. जिनं वाढवलं त्या शार्लटला पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून वावरावं लागायचं. कार्लॉफला निदान जन्मगाव लपवावं लागलं नाही, कॅम्बरवेल गोरंच होतं. त्यानं फक्त सावळ्या रंगाला 'रशियन' कारण पुरवलं.

---

दप्तरी

कट्टेकरी, शेवटचं वाक्य चटकदार आहे, पण सावध. त्यानं रंग झाकायला ते नाव घेतलं, हा हेतू आपण त्याच्या तोंडी घालतोय. 'प्रॅट' या शब्दाला इंग्रजीत चेष्टेचा अर्थ आहे, शिवाय नाटकवाल्यामुळे घराण्याला कमीपणा येईल ही धास्ती होती, अशीही कारणं पुढे येतात. तीन कारणं असतील, एकही नसेल. नाव बदललं हे तथ्य. का बदललं हा वेगळा परिच्छेद, आणि त्यात प्रत्येक कारणापुढे ते कुणी सांगितलं ते हवं.

---

कट्टेकरी

मान्य. पण अहो, ते नाव त्यानं एका कादंबरीतल्या वेड्या शास्त्रज्ञावरून उचललं असं वाचलंय. बोरिस कार्लोव्ह की कायसं.

---

पडद्यामागे

ते मी तपासलंय आणि ते टिकत नाही. ती कादंबरी आली १९२० मध्ये. हा गडी त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या महायुद्धापूर्वीच, कॅनडात बोरिस कार्लॉफ या नावानं रंगमंचावर होता. उलटी उसनवारी झाली असेल तर लेखकालाच विचारावं लागेल. अशा ठिकाणी फार अक्कल लागत नाही, दोन तारखा शेजारी-शेजारी मांडल्या की भागतं.

---

टेम्सकाठी

तारखांवरून आठवलं. अ‍ॅनाही उतारवयात कॅनडातच होती, १९१५ मध्ये माँट्रियलला वारली. आणि कार्लॉफ १९०९ पासून कॅनडात. कुणीतरी नक्की लिहील, 'आजी-नातवाची भेट'. काही वर्षं एका देशात होते एवढंच खरं. तो बराच काळ पश्चिमेकडे भटकत होता, आणि कॅनडा म्हणजे काही दादर-ठाणे नव्हे.

---

भिंगारवाला

बरं, नातू नाही तर नाही. पण 'आईची मावशी नगरची' हे तरी ठेवा. भिंगारच्या कॅम्पात आमचं लहानपण गेलं. तिथल्या जुन्या गोऱ्यांच्या कबरींवर आम्ही क्रिकेटचे स्टंप टेकवायचो, नावं कुणी वाचली नाहीत.

आणखी एक. गांधीजींच्या खेडा सत्याग्रहात, १९१८ साली, सरकारच्या बाजूनं उभा असलेला कमिशनर प्रॅट होता ना? तो यांच्यापैकीच तर नाही?

---

दप्तरी

चांगला प्रश्न. कमिशनर प्रॅट होता हे खरं, आणि शेतकऱ्यांपुढे त्यानं सरकारची बाजू मांडली होती हेही खरं. प्रॅट घराण्यातली मुलं पूर्वेकडच्या नोकऱ्यांत शिरली हेही खरं. तरी तेवढ्यावर जोडू नका. आडनावाचा मेळ म्हणजे सोयरीक नव्हे. सिव्हिल सर्व्हिसच्या याद्यांत पूर्ण नाव आणि जन्मतारीख मिळते. ती घ्यायची, आणि ती प्रॅटांच्या घरातल्या जन्मनोंदीशी, १८७१-८१ च्या खानेसुमारीतल्या कुटुंबाशी ताडून बघायची. बापाचं नाव दोन्हीकडे जुळलं तर लिहा. पत्रक छापायच्या आत होणारं काम नाही हे.

---

टेम्सकाठी

याद्या इथे वाचनालयात बघायला मिळतात, मी जाईन तेव्हा बघते. खानेसुमारी तर घरबसल्या.

---

उगाच

मीही मघापासून वाचतोय बरं का, उठलो नाही. एक शंका: लग्नं किती केली? कुठे पाच, कुठे सहा.

---

पडद्यामागे

सुरुवातीच्या लग्नांवर चरित्रकारांत एकमत नाही, म्हणून पत्रकात आकडाच घालत नाहीये. साराची आई डोरोथी, आणि १९४६ पासून अखेरपर्यंत सोबत असलेली ईव्हलिन, या दोन नावांवर कुणाचा वाद नाही. सारा मात्र बापाच्या वाढदिवशी जन्मली, २३ नोव्हेंबर १९३८. दोघांची तारीख एकच, त्यामुळे काही ठिकाणी ही छापायची चूक समजून दुरुस्तही केलेली आहे! आमच्या मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवतो.

सगळं लक्षात घेऊन मजकूर असा केलाय. बघा:

"बोरिस कार्लॉफ (मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट) यांचा जन्म दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल येथे २३ नोव्हेंबर १८८७ रोजी झाला. त्यांचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या हिंदुस्थानातील ब्रिटिश नोकरीत होते. दोन्ही बाजूंनी भारतीय वंशाचा अंश होता, असे चरित्रकारांचे मत आहे. आईची मावशी अ‍ॅना लिओनोवेन्स हिचा जन्म अहमदनगरचा, विवाह पुण्यातला. सयामच्या राजदरबारातील शिक्षिका म्हणून ती प्रसिद्ध आहे. 'कार्लॉफ' हे आईकडचे स्लाव्ह आडनाव असल्याचे ते सांगत; त्याला घराण्यात आधार सापडत नाही. १९०९ मध्ये ते कॅनडाला गेले. 'फ्रँकेन्स्टाइन'च्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्यांच्या भूमिकेसमोर नटाचे नाव न देता केवळ प्रश्नचिन्ह दाखवले होते; नाव शेवटी येते. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या पडद्यावरील नटांच्या संघटनेच्या पहिल्या फळीत ते होते. अखेरपर्यंत ब्रिटिश नागरिक. मृत्यू २ फेब्रुवारी १९६९, मिडहर्स्ट, ससेक्स."

---

दप्तरी

'आधार सापडत नाही' याऐवजी 'मुलगी सारा हिच्या माहितीत घराण्यात असे कुणी नाही' असं करा. कुणी शोधलं, किती शोधलं, हे पहिल्या वाक्यात दिसत नाही. बाकी चोख.

---

मधुरा_म

प्रश्नचिन्हाचा तपशील लाजवाब. बाकी सगळ्या पत्रकात तेवढंच एक विधान असं आहे की जे प्रेक्षक त्याच संध्याकाळी स्वतः पडद्यावर तपासू शकतील.

---

भिंगारवाला

नगर आलं, आपलं काम झालं. पुढच्या लेखनाला शुभेच्छा!

---

पडद्यामागे

@दप्तरी, बदल केला. समितीनं 'फार लांबलं' म्हणून आईच्या मावशीचं वाक्य काढायला सांगितलंय. भिंगारवाला, काळजी नसावी, त्याऐवजी नटसंघटनेचं वाक्य काढतोय. @टेम्सकाठी, प्रॅट कमिशनरचं काही कळलं तर याच धाग्यात टाका, वर येईल.